मधल्या पोझिशनला आवाज का मरतो? पिकअपच्या उलट फेजबद्दल

तुमची अडचण मला समजली ती अशी. लेस पॉल धाटणीची गिटार, तारांची हालचाल विजेत बदलणारे दोन पिकअप असलेली. नेकला, म्हणजे मानेकडे, गिटारबरोबरच आलेला, धातूचं झाकण असलेला हमबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप. ब्रिजला, म्हणजे घोडीकडे, तुम्ही स्वतः बसवलेला नवा हमबकर, चार रंगीत वायरींचा. नेक एकटा छान वाजतो, ब्रिज एकटा छान वाजतो, पण दोन्ही एकत्र वाजवायला स्विच मध्ये आणला की आवाज बारीक आणि नाकातला होतो, खर्ज गायब. मल्टीमीटरवर दोन्ही पिकअप साधारण आठ किलोओहम दाखवतात. आणि दुकानात सांगितलं की नवा पिकअप खराब आहे, बदलून घ्या.

बदलू नका. तुमचे दोन्ही पिकअप धडधाकट आहेत, फक्त एकमेकांच्या उलटे जोडले गेलेत. पुण्यात बरीच वर्षं गिटारींचं वायरिंग करतोय. ‘नवा पिकअप टाकला आणि मधली पोझिशन मेली’ अशी तक्रार घेऊन आलेल्या गिटारींत पिकअप खरोखर गेलेला मला क्वचितच सापडलाय.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढ्यांची, केसासारखी बारीक तांब्याची तार, म्हणजे कॉइल. वरची गिटारची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये विजेचा दाब तयार होतो, कधी प्लस, कधी मायनस. तार पिकअपच्या जवळ येताना हॉट वायरवर (सिग्नल अँपकडे नेणाऱ्या) प्लस येणार की मायनस, हे तीन गोष्टींवर ठरतं: वेढे कुठल्या दिशेने घातलेत, चुंबकाचं कुठलं टोक तारांकडे आहे, आणि कॉइलच्या दोन टोकांपैकी कुठलं टोक तुम्ही हॉट धरलंय. यातली एक गोष्ट उलटली की सिग्नल उलटतो. दोन उलटल्या की पुन्हा सुलट. पुढचं सगळं याच हिशेबावर चालतं.

जात्यावर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळतात, तसं समजा. दोघींनी एकाच दिशेने ओढलं तर जातं गरगर फिरतं. एकीने उलटं ओढलं तर दोघींना घाम येतो आणि पीठ काही पडत नाही. पण एकटीच दळत असेल तर ती उलटं दळते की सुलटं, याला काही अर्थ नाही. तुमचे पिकअप एकेकटे छान वाजतात ते म्हणूनच. त्यामुळे ‘कुठला पिकअप चुकीचा आहे’ असं विचारून उपयोग नाही. दोघांपैकी कुठला उलटवणं सोपं आहे, एवढंच बघायचं.

मग आवाज पूर्ण बंद का होत नाही? कारण दोन पिकअप एकाच तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात. तारेचं मूळ कंपन दोन्ही जागी एकाच दिशेने जातं, म्हणून ते एकमेकांत बरंचसं खपतं. वरचे स्वरांश मात्र एका जागी वर जात असताना दुसऱ्या जागी खाली जात असू शकतात, ते वाचतात. उरतो तो वरचा चिरका भाग. तबल्यातून डग्गा उचलून नेल्यासारखं.

इथे एक गैरसमज निस्तरून टाकतो, कारण निम्मे लोक तिथेच चकतात. फेंडरच्या तीन पिकअपच्या स्ट्रॅट गिटारीत, पाच जागांच्या स्विचवर ब्रिज-मिडल आणि नेक-मिडल या जोड्यांचा जो काचेरी, किंचित पोकळ आवाज येतो, त्याला सर्रास ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात. तो तसा नाही. तिथे दोन्ही पिकअप सुलट फेजमध्येच, समांतर जोडलेले असतात. १९५४ ची मूळ स्ट्रॅट तीन जागांच्या स्विचची होती, वाजवणारे स्विच मध्येच अडकवून तो आवाज काढायचे, आणि कारखान्यातून पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये आला. खरी उलट फेज ऐकलीत तर फरक विचारावा लागत नाही, आवाज एकदम अर्ध्यावर येतो. आणि हो, काटेकोर बोलायचं तर याला फेज नव्हे, पोलॅरिटी म्हणायला हवं. पण बाकावर सगळे फेजच म्हणतात, मीही.

आता तपासणी. सोल्डरिंग आयर्न अजून तापवू नका.

स्विच मध्ये ठेवा, दोन्ही व्हॉल्यूम दहावर. एक कॉर्ड वाजवत नेकचा व्हॉल्यूम हळूहळू सातपर्यंत उतरवा. उतरवताना आवाज उलट भरत गेला, खर्ज परत आला, तर उलट फेज नक्की. एकाचा जोर कमी झाला, की दुसऱ्याला खोडून काढायची त्याची ताकदही कमी होते. शून्यावर मात्र नेऊ नका. लेस पॉलच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये मधल्या जागी एक व्हॉल्यूम शून्यावर गेला की दोन्ही पिकअप गप्प होतात, आणि मग तुम्हाला वाटेल नवीनच काहीतरी बिघडलं.

दुसरी चाचणी स्क्रू ड्रायव्हरची, आणि तिच्यासाठी गिटार उघडायचीही गरज नाही. गिटारला केबल लावा. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकला मल्टीमीटर जोडा, लाल प्रोब टोकाला, काळा बाहेरच्या नळीला. मीटर वीस किलोओहमवर, व्हॉल्यूम पूर्ण, स्विच फक्त नेकवर. आकडा आठच्या थोडा खाली स्थिरावेल, कारण व्हॉल्यूम पॉटही (बटणाखालचा बदलता रोध) समांतर मोजला जातोय. आता रुंद पात्याचा पोलादी स्क्रू ड्रायव्हर पिकअपवर असा आडवा टेकवा की दोन्ही रांगा झाकल्या जातील. झाकण असलं तरी चालतं. आकडा शांत होऊ द्या. मग झटक्यात वर उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडतो की खाली पडतो, ते कागदावर लिहा. स्विच ब्रिजवर, पुन्हा तेच. एकाचा वर आणि दुसऱ्याचा खाली गेला, तर दोघे एकमेकांच्या उलट आहेत.

यात दोन गोष्टी सांभाळा. टेकवतानाचा झटका आणि उचलतानाचा झटका एकमेकांच्या उलट असतात, म्हणून फक्त उचलतानाचाच धरा. आणि डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, झटका निसटू शकतो. पाच-सहा वेळा करून बघा. दिसतच नसेल तर दोनशे मिलिव्होल्ट डीसीवर ठेवून प्लस-मायनस चिन्ह बघा. माझ्या बाकावर अजून काटेवाला जुना मीटर आहे तो फक्त यासाठी. काटा डावीकडे फडकला की उजवीकडे, यात वादच नाही.

तुम्ही विचारलंत की मल्टीमीटरने हे आधीच का नाही सांगितलं. कारण रोधाला दिशा नसते. आठ किलोओहमचे दोन पिकअप समांतर जोडले की चार येणार, सुलट असोत की उलट. तुम्ही मोजलेला आकडा एवढंच सांगतो की तार तुटलेली नाही.

दुरुस्तीकडे येऊ. तुमच्या नेक पिकअपला बहुधा एकच वायर आहे: आत एक हॉट आणि बाहेर उघडी विणलेली जाळी, जाळी व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला सोल्डर केलेली. या पिकअपच्या वायरी उलटवायचा विचारही करू नका. जाळी, तळपट्टी आणि झाकण हे सगळं एकच जोडलेलं असतं. उलटवलंत तर ते सगळं हॉट होईल. झाकणाला हात लागला की घूंऽऽ, आणि पोकळीत जाळी कुठल्या पॉटला टेकली की आवाज बंद.

नवा ब्रिज पिकअप सोपा आहे, म्हणून तोच उलटवायचा. तुम्ही सांगितलेले रंग काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि एक उघडी वायर. आणि जोडणी अशी की काळा व्हॉल्यूमवर, हिरवा आणि उघडी पॉटच्या पाठीवर, लाल-पांढरा एकत्र करून टेप. ही सेमूर डंकन या पिकअप कंपनीची पद्धत. उलटवायचं म्हणजे हिरवा व्हॉल्यूमच्या पायावर न्या आणि काळा पॉटच्या पाठीवर. लाल-पांढऱ्या जोडाला हात लावायचा नाही. आणि उघडी वायर आहे तिथेच, ग्राउंडवर म्हणजे पॉटच्या पाठीवरच राहणार. ती कॉइलचा भाग नाही, ढाल आहे. हिरव्याबरोबर तीही उचलून व्हॉल्यूमवर नेणारे भरपूर भेटतात, मग ‘फेज सुधारली पण घुमतंय’ म्हणून परत येतात.

रंगांवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. डिमार्झिओच्या पद्धतीत लाल हॉट असतो, काळा-पांढरा जोड असतो आणि हिरवा ग्राउंड. म्हणजे एका कंपनीचा हॉट रंग दुसऱ्या कंपनीत मधल्या जोडात असतो. आणि बिननावाच्या पिकअपमध्ये तर रंग म्हणजे त्या दिवशी कारखान्यात जी वायर हाताशी होती ती. कागद मिळाला नसेल तर मीटरने आधी दोन जोड्या शोधा: चार वायरींपैकी ज्या दोघींत चारेक किलोओहम दाखवतात ती एक कॉइल, उरलेल्या दोघी दुसरी. मग प्रत्येक कॉइलला तीच स्क्रू ड्रायव्हरची चाचणी, आणि उचलताना आकडा वर जाईल अशा बेताने प्रोब लावून प्रत्येकीचं प्लस टोक ठरवा. एकीचं मायनस दुसरीच्या प्लसला जोडायचं, उरलेली दोन टोकं हॉट आणि ग्राउंड. हे चुकलं तर एकाच हमबकरमधल्या दोन कॉइल एकमेकींना खातात. तेव्हा तो पिकअप एकटाच वाजवला तरी पातळ वाजतो आणि वर घूं घूंही करतो. ती लक्षणं तुमच्याकडे नाहीत, म्हणून लाल-पांढरा जोड बरोबर आहे असं मी धरून चाललोय.

पुढे कधी कॉइल स्प्लिट (हमबकरची एकच कॉइल वाजवायची सोय) लावणार असाल तर एक परिणाम आधीच सांगून ठेवतो. लाल-पांढरा जोड ग्राउंड केला की आधी काळ्या-पांढऱ्याची कॉइल चालू राहिली असती. आता उलटवल्यावर हिरव्या-लालची राहील. म्हणजे पिकअपच्या दोन रांगांपैकी स्क्रूंची वाजेल, साध्या पोलादी ठोकळ्यांची नाही. आवाजात थोडा फरक पडतो. बिघाड नाही तो.

आता दोन्ही पिकअप एकेरी जाळीचे असते तर? मग चुंबक उलटवायचा. लेस पॉलबद्दल बोलताना इथे गिटारवादक पीटर ग्रीनची आठवण निघतेच. त्याच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेक पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता, आणि मधल्या जागेचा तो हुंदका देणारा आवाज लोक आजही मुद्दाम मागून घेतात. ती गिटार पुढे गॅरी मूरकडे आणि मग कर्क हॅमेटकडे गेली. म्हणजे तुम्ही ज्याला बिघाड म्हणताय तो करून द्या म्हणून माझ्याकडे लोक पैसे देतात. तुम्हाला तो हवा असेल तर अर्थात काहीच करू नका, फक्त एक व्हॉल्यूम आठ-नऊवर ठेवून वाजवा, आवाजात थोडं मांस येतं.

चुंबक उलटवायचा तर झाकण मागच्या बाजूला दोन ठिकाणी सोल्डर केलेलं असतं, ते आधी सुटं करायचं. तळपट्टीचे चार स्क्रू दोन-तीन फेरे सैल करायचे, काढायचे नाहीत. चुंबकाची पट्टी बाजूने सरकवून बाहेर. काढण्याआधी तिच्या वरच्या तोंडावर, स्क्रूंच्या रांगेकडच्या कडेला पेन्सिलची खूण. ही पट्टी लांबीत नाही, रुंदीत चुंबकित केलेली असते: एक लांब कड उत्तर, दुसरी दक्षिण. म्हणून जी कड स्क्रूंकडे होती ती आता ठोकळ्यांकडे गेली पाहिजे. पट्टी टेबलावर सपाट ठेवून घड्याळाच्या काट्यासारखी अर्धा फेरा फिरवा, झालं. पण तिला डावीकडचं टोक उचलून उजवीकडे कोलांटी मारायला लावलीत, तर खालचं तोंड वर येतं आणि कडा मात्र जिथल्या तिथेच राहतात. काहीच बदलत नाही. एका मुलाने तीनदा असं केलं होतं आणि मग चुंबकच मेला म्हणून माझ्याकडे आला. पिकअप मेणात बुडवलेला असेल तर पट्टी सहज सरकत नाही, आणि जोर लावलात तर बाजूची कॉइलची तार तुटते. तिथे हात आवरा, कोणा जाणत्याला द्या.

स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलची गोष्ट वेगळी, आणि तिथे घूं घूं आपला मित्र आहे. अँप चालू करून चार्जर किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहा, आधी एकेक पिकअप, मग जोडी, आणि आपल्या विजेची ती पन्नास हर्ट्झची गुणगुण ऐका. चुंबकाची दिशा त्या गुणगुणीला कळत नाही, ती फक्त कॉइलचे वेढे आणि वायरी ओळखते. म्हणून आवाज पातळ आणि घूं घूंही जोडीला वाढली, तर दोघांचे चुंबक उलट आणि वायरी सारख्या आहेत. एकाच्या वायरी बदला, आवाज भरेल आणि घूं घूं पडेल, दोन्ही लाभ. आवाज पातळ पण घूं घूं गायब, तर चुंबक सारखे आणि वायरी उलट. वायरी बदलल्या तर आवाज सुधारेल, पण घूं घूं परत येईल. पूर्वीच्या स्ट्रॅट तशाच असत, त्यात काही पाप नाही. आवाज भरलेला आणि घूं घूं गायब, म्हणजे मधला पिकअप उलट वेढ्यांचा नि उलट चुंबकाचा आहे, तेव्हा झाकण बंद करा.

कुठला बदलायचा ते स्विच सांगतो. ब्रिज-मिडल आणि नेक-मिडल दोन्ही पातळ असतील तर मिडल. फक्त ब्रिज-मिडल पातळ असेल तर ब्रिज, फक्त नेक-मिडल असेल तर नेक. चुंबक उलटवायच्या फंदात मात्र पडू नका. फेंडर पद्धतीच्या पिकअपमध्ये कॉइल थेट चुंबकाच्या कांड्यांवर गुंडाळलेली असते. कांडी ढकलून काढायला गेलात तर तारेचं सोलपटं निघतं आणि पिकअप खरोखरच जातो.

फेंडरच्याच टेलीकास्टर गिटारीबद्दल एवढंच सांगतो की तिने मला एकदा शिकवलंय. सुरुवातीच्या काळात एका टेलीच्या ब्रिज पिकअपच्या वायरी मी बिनधास्त उलटवल्या. त्याच्या खाली धातूची पट्टी असते, ती एका छोट्या वायरीने ग्राउंडच्या टोकाला जोडलेली असते, आणि ती पट्टी स्क्रूंमधून ब्रिजला आणि ब्रिजमधून तारांना ग्राउंड करते. मी उलटवल्यावर सगळ्या सहा तारा हॉट झाल्या. तारेला बोट लावलं की अँप गुरगुरायचा, एरवी हात लावला की शांत होतो त्याच्या बरोबर उलट. अर्धा दिवस मी जॅक आणि केबल बदलत बसलो होतो. नेकच्या धातूच्या टोपीलाही तशीच जोडवायर असते. टेलीत फेज बदलायची तर ती छोटी वायर आधी कापायची, टोपीला किंवा पट्टीला वेगळी तिसरी वायर देऊन ती थेट ग्राउंडला न्यायची, आणि मगच कॉइलच्या दोन वायरी फिरवायच्या.

दोन्ही आवाज हवे असतील तर फेज स्विच लावता येतो. पुश-पुल पॉट (ओढून स्विचसारखा वापरता येणारा) घ्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सहा पायांचा, दोन जोडण्या एकदम फिरवणारा साधा डीपीडीटी टॉगल. मधल्या दोन पायांना पिकअपच्या वायरी, एका टोकाच्या दोन पायांतून हॉट आणि ग्राउंड बाहेर, आणि त्या टोकाचे दोन पाय दुसऱ्या टोकाच्या दोन पायांना तिरके, फुलीसारखे जोडलेले. तुमच्या गिटारीत तो ब्रिजलाच लागेल, नेकला नाही, कारण वरचीच जाळीची भानगड. क्वीन बँडच्या ब्रायन मेच्या रेड स्पेशल गिटारीत तिन्ही पिकअपना असा वेगळा स्विच आहे, पण तिथे पिकअप एकापुढे एक जोडलेले आहेत, त्यामुळे उलट फेजचा आवाज समांतरपेक्षा बराच दणकट निघतो. तुमच्या समांतर जोडणीत तेवढी अपेक्षा ठेवू नका.

सोल्डर करताना पॉटच्या पाठीला उष्णता भरपूर लागते, पण वेळ कमी द्यायचा. पंचवीस वॉटच्या बारीक टोकाने मिनिटभर घासत बसण्यापेक्षा चाळीस वॉटचं चपटं टोक चार सेकंद बरं, नाहीतर पॉटच्या आतला कार्बन भाजतो. जुनं सोल्डर आधी ओढून काढा आणि वायरीच्या टोकाला आधी कथिल चढवून घ्या. काळा आणि हिरवा फिरवून झाले की मागचं झाकण लावण्याआधी पुन्हा केबल, मीटर, स्क्रू ड्रायव्हर. दोन्ही आकडे उचलताना एकाच दिशेने उडाले की स्क्रू घट्ट करा. आणि लाल-पांढऱ्या जोडावरची ती इन्सुलेशन टेप काढून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडून पॉटला टेकतो, आणि तुमचा ब्रिज पिकअप न सांगता सिंगल कॉइल होऊन बसतो.